पासष्टीचा उंबरठा आणि मेडिगॅप: अक्षर कोणतं, कंपनी कोणती, आणि कधी घ्यायचा

अमेरिकेत मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पार्ट बीचा मासिक हप्ता २०२६ मध्ये पहिल्यांदाच दोनशे डॉलरच्या वर गेला. आता तो २०२.९० डॉलर आहे. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या आणि आता पासष्टीला आलेल्या मराठी घरांत त्यामुळे एक प्रश्न हमखास निघतो: सरकारचा विमा असताना वर मेडिगॅप नावाचा आणखी एक विमा कशाला? घ्यायचाच, तर टपालातून येणाऱ्या ढीगभर पत्रकांतला कोणता?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मेडिकेअरच्या रचनेतच आहे, म्हणून आधी ती पाहू.

मेडिकेअर कुठे थांबतं

पार्ट ए म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च. तुम्ही किंवा तुमच्या जोडीदाराने अमेरिकेत साधारण दहा वर्षं काम करून कर भरला असेल, तर त्याला हप्ता नाही. पार्ट बी म्हणजे डॉक्टरांची फी, तपासण्या, स्कॅन आणि दाखल न होता घेतलेले उपचार. हे दोन मिळून मूळ मेडिकेअर. औषधांचा पार्ट डी वेगळा, आणि तो खासगी कंपन्यांकडून घ्यावा लागतो.

विम्याचे पैसे सुरू होण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम म्हणजे डिडक्टिबल. पार्ट बीचं डिडक्टिबल २०२६ साठी वर्षाला २८३ डॉलर आहे. ते भरल्यावर मेडिकेअर मंजूर दराच्या ८० टक्के देतं आणि उरलेले २० टक्के आपले. हे २० टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्यांना वरची मर्यादाच नाही, आणि खरा धोका तिथे आहे. समजा बाह्यरुग्ण विभागात घेतलेल्या केमोथेरपीचं मंजूर बिल वर्षभरात ८०,००० डॉलर झालं. डिडक्टिबल आणि २० टक्के मिळून तुमचा वाटा १६,२०० डॉलरच्या वर जातो. उपचार पुढच्या वर्षी चालू राहिले, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

पार्ट एचं डिडक्टिबल १,७३६ डॉलर आहे, आणि ते वर्षाला एकदा लागत नाही. ते दर 'लाभकाळाला' लागतं. रुग्णालयातून सुटल्यावर सलग ६० दिवस तिथे किंवा शुश्रूषा केंद्रात उपचार घ्यावे लागले नाहीत, की लाभकाळ संपतो. फेब्रुवारीत हृदयासाठी आणि सप्टेंबरमध्ये खुब्याच्या हाडासाठी दाखल झालात, तर ही रक्कम दोनदा भरावी लागेल. मुक्काम ६० दिवसांच्या पुढे गेला, तर ६१ ते ९० या दिवसांसाठी रोजचे ४३४ डॉलर आपले. शस्त्रक्रियेनंतर शुश्रूषा केंद्रात राहावं लागलं, तर पहिले २० दिवस मेडिकेअर पूर्ण देतं. एकविसाव्यापासून शंभराव्या दिवसापर्यंत रोजचे २१७ डॉलर आपल्याकडे येतात.

मेडिगॅप काय करतो

मेडिकेअर जिथे थांबतं तिथून पुढचा आपला वाटा भरणारा खासगी विमा म्हणजे मेडिगॅप. तो घ्यायला पार्ट ए आणि पार्ट बी दोन्ही हवेत. देशभरात मेडिकेअर घेणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे तो चालतो. नेटवर्क पाहावं लागत नाही आणि तज्ज्ञाकडे जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. याला अपवाद 'सिलेक्ट' नावाच्या पॉलिसींचा, ज्यांत ठरावीक रुग्णालयं असतात. बिल आधी मेडिकेअरकडे जातं आणि तिथून बहुतेक वेळा आपोआप मेडिगॅप कंपनीकडे.

या विम्याचे प्रकार अक्षरांनी ओळखले जातात: ए, बी, सी, डी, एफ, जी, के, एल, एम आणि एन. कोणत्या अक्षरात काय मिळणार हे कायद्याने ठरलेलं आहे. त्यामुळे एका कंपनीचा प्लॅन जी आणि दुसऱ्या कंपनीचा प्लॅन जी यांतले मूळ लाभ तंतोतंत सारखे. बालभारतीचं पुस्तक कुठल्याही दुकानातून घेतलं तरी आतले धडे तेच असतात, तसं हे आहे. मात्र इथे प्रत्येक दुकानाचा भाव वेगळा, आणि पुढच्या वर्षी तो किती वाढेल हेही वेगळं. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांची रचना निराळी आहे. तिथल्या रहिवाशांनी अक्षरांच्या या यादीकडे न पाहता आपल्या राज्याची यादी पाहावी.

औषधं, दात, चष्मा, श्रवणयंत्र आणि घरी किंवा वृद्धाश्रमात लागणारी दीर्घकाळची देखभाल यांपैकी काहीही मेडिगॅपमध्ये नाही. ही अपेक्षा घेऊन पॉलिसी घेणाऱ्यांची फार निराशा होते.

जी की एन?

प्लॅन एफ सगळं काही भरत असे, पार्ट बीचं डिडक्टिबलसुद्धा. पण १ जानेवारी २०२० पासून पुढे मेडिकेअरला पात्र झालेल्यांना एफ आणि सी घेता येत नाहीत. त्यामुळे आज पासष्टी गाठणाऱ्या बहुतेकांची निवड जी आणि एन यांच्यात होते.

जीमध्ये वर्षाचे २८३ डॉलर तुम्ही भरता. त्यापुढे मेडिकेअरने मंजूर केलेल्या उपचारांत तुमच्या वाट्याला सहसा काही येत नाही. एनमध्ये हे २८३ आहेतच, शिवाय डॉक्टरांच्या भेटीला २० डॉलरपर्यंत आणि आपत्कालीन विभागात जाऊन दाखल न होता परत आलात तर ५० डॉलरपर्यंत भरावे लागतात. दुसरा फरक फारसं कुणी नीट सांगत नाही. काही डॉक्टर रुग्ण मेडिकेअरचे घेतात, पण मेडिकेअरचा दर अंतिम मानत नाहीत. ते त्या दराच्या वर १५ टक्क्यांपर्यंत आकारू शकतात. ही जादा आकारणी प्लॅन जी भरतो, प्लॅन एन भरत नाही. बहुसंख्य डॉक्टर मेडिकेअरचा दर मान्य करतात, आणि पेनसिल्व्हेनिया, ओहायो यांसारख्या राज्यांत अशा जादा आकारणीला बंदीच आहे. तरीही एन घेणाऱ्याने नव्या डॉक्टरची वेळ घेताना "तुम्ही मेडिकेअर असाइनमेंट स्वीकारता का?" एवढं विचारावं.

हिशेब कागदावर मांडून पाहा. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. जीचा हप्ता महिना १५० आणि एनचा ११५ असेल, तर वर्षाचा फरक ४२० डॉलर. वर्षात दहा भेटी झाल्या तर एनमध्ये जास्तीत जास्त २०० डॉलर जातील, म्हणजे एन स्वस्त. पण संधिवात, मधुमेह आणि हृदय अशा तीन तज्ज्ञांकडे मिळून पंचवीस भेटी होत असतील, तर ५०० डॉलर जातील आणि जी बरा. तुमच्या भागातले दोन्ही हप्ते घ्या, गेल्या वर्षीच्या भेटी मोजा, उत्तर पाच मिनिटांत मिळतं.

तिसरा एक पर्याय दुर्लक्षित राहतो: मोठ्या डिडक्टिबलचा जी. यात २०२६ साठी पहिले २,९५० डॉलर तुमच्या खिशातून, मग जीचे सगळे लाभ. हप्ता साध्या जीपेक्षा खूपच कमी. हाताशी बचत आहे, किरकोळ खर्चाची चिंता नाही आणि फक्त मोठ्या आजाराचा तडाखा नको, अशांसाठी माझ्या मते हा पर्याय पहिल्यांदा तपासण्यासारखा आहे.

लाभ सारखे, मग कंपनी निवडायची कशी?

इथे बहुतेक जण पहिल्या वर्षाचा सर्वांत कमी हप्ता पाहून सही करतात, आणि पाच-सात वर्षांनी पस्तावतात. हप्ता ठरवण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली, सगळ्यांना एकच दर, वय काहीही असो. दुसरी, पॉलिसी घेताना जे वय होतं त्याचा दर. त्यात वय वाढलं म्हणून हप्ता वाढत नाही. तिसरी, चालू वयाचा दर. पासष्टाव्या वर्षी तो सर्वांत स्वस्त दिसतो, आणि मग दर वाढदिवसाला किंवा काही वर्षांच्या टप्प्याने चढत जातो. महागाई आणि वैद्यकीय खर्चामुळे होणारी वाढ तिन्ही पद्धतींत होतेच. पण तिसऱ्यात वयाची वाढ त्यावर आणखी चढते. पत्रकावर ही पद्धत ठळक लिहिलेली नसते, म्हणून विचारावी लागते.

दुसरी गोष्ट ग्राहकांच्या गटाची. नवी कंपनी किंवा जुन्या कंपनीची नवी उपकंपनी कमी दराने बाजारात उतरते आणि निरोगी पासष्टीचे लोक गोळा करते. काही वर्षांनी दावे वाढतात, तसा दर वाढतो. मग कंपनी त्या गटात नवे ग्राहक घेणं थांबवते आणि दुसऱ्या नावाने नवा गट उघडते. जुन्या गटातले निरोगी लोक स्वस्तात दुसरीकडे जातात. आजारी लोकांना दुसरी कंपनी घेत नाही, म्हणून ते तिथेच अडकतात. गटात आजारीच उरले की हप्ते आणखी वेगाने वाढतात. पॉलिसी रद्द होत नाही. हप्ता भरत राहिलात तर ती तब्येतीच्या कारणाने कंपनीला काढून घेता येत नाही, हे संरक्षण पक्कं आहे. पण हप्ता परवडेनासा होऊ शकतो.

म्हणून एजंटला नेमकं विचारा: ही कंपनी आमच्या राज्यात किती वर्षं मेडिगॅप विकते आहे? याच अक्षराची गेल्या पाच वर्षांतली दरवाढ दरवर्षी किती टक्के होती? दर कोणत्या पद्धतीचा? घरात दोघांनी घेतल्यास सवलत किती? मेडिगॅपची पॉलिसी एका माणसाची एक असते, नवरा-बायकोला मिळून एक घेता येत नाही. म्हणून ही घरगुती सवलत महत्त्वाची. उत्तर "साधारण" या शब्दाने सुरू झालं, तर लेखी मागा.

सहा महिन्यांची मुदत

वय ६५ पूर्ण असणं आणि पार्ट बी सुरू असणं या दोन्ही गोष्टी ज्या महिन्यात पहिल्यांदा जुळतात, त्या महिन्यापासून सहा महिने कोणतीही कंपनी तुम्हाला कोणतंही अक्षर नाकारू शकत नाही आणि आजारपणामुळे जास्त हप्ताही लावू शकत नाही. तिला तब्येतीची चौकशी करून निर्णय घेता येत नाही. आधी सलग विमा नसेल, तर जुन्या आजारासाठी फार तर सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ लावता येतो. आधीचा विमा असेल आणि त्यात ६३ दिवसांहून मोठा खंड नसेल, तर तो काळ वजा होतो.

ही मुदत एकदाच मिळते. पुढे बहुतेक राज्यांत अर्जासोबत आरोग्याची प्रश्नावली येते. इन्सुलिन, अलीकडचा कर्करोग, हृदयाचा स्टेंट, सुचवलेली पण न झालेली शस्त्रक्रिया, यांतलं काही असेल तर नकार येऊ शकतो. कंपन्या औषधांच्या खरेदीची नोंदही तपासतात. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये मेडिगॅप वर्षभर केव्हाही घेता येतो. कॅलिफोर्नियात ज्यांच्याकडे मेडिगॅप आहे त्यांना दर वाढदिवसापासून ६० दिवसांत तेवढ्याच किंवा कमी लाभाच्या पॉलिसीत तब्येतीच्या प्रश्नांशिवाय जाता येतं. आणखी काही राज्यांत अशी मर्यादित मोकळीक आहे, बाकी ठिकाणी क्वचित.

दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर जी नोंदणी चालते आणि जिच्या जाहिराती टीव्हीवर धडाधड येतात, ती ॲडव्हान्टेज (खासगी कंपनीने चालवलेलं मेडिकेअर, त्याबद्दल पुढे) आणि औषधांच्या प्लॅनसाठी असते. मेडिगॅपला तिचा काही संबंध नाही. "ऑक्टोबरात बघू" म्हणून ही सहा महिन्यांची मुदत गेली, असं व्हायला नको.

"मी ठणठणीत आहे, गरज पडली की घेईन"

गरज पडली म्हणजेच आजार झाला, आणि आजार झाला की बहुतेक राज्यांत विमा मिळणं कठीण. पासष्टाव्या वर्षी निरोगी असणाऱ्याने थांबावं, असं या रचनेत काहीच नाही. हप्ता जड वाटत असेल तर मोठ्या डिडक्टिबलचा जी घ्या, पण मुदतीत घ्या.

"ॲडव्हान्टेज शून्य हप्त्यात मिळतो, मग हा खर्च का?"

ॲडव्हान्टेज म्हणजे पार्ट सी. यात खासगी कंपनी तुमचं मेडिकेअर चालवते. पार्ट बीचा हप्ता भरावाच लागतो, पण त्यावर अनेकदा वेगळा हप्ता नसतो. औषधं आणि थोडी दातांची सोय बहुतेकदा सोबत मिळते. वर्षाच्या खर्चालाही मर्यादा असते. २०२६ मध्ये नेटवर्कमधल्या उपचारांसाठी ती ९,२५० डॉलरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि बऱ्याच प्लॅनची त्याहून कमी असते. कमी उत्पन्नाच्या, फार प्रवास न करणाऱ्या आणि आपल्या शहरातल्या एकाच रुग्णालयावर समाधानी असणाऱ्या माणसासाठी तो चांगला पर्याय ठरू शकतो. ॲडव्हान्टेज वाईटच, असं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. डॉक्टर नेटवर्कमधले हवेत, आणि मोठ्या उपचारांना कंपनीची पूर्वपरवानगी लागते. मुलाकडे टेक्सासला सहा महिने आणि मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहणाऱ्या आजी-आजोबांना हे नेटवर्क फार जाचतं. शिवाय परतीची वाट अरुंद आहे. पासष्टाव्या वर्षी थेट ॲडव्हान्टेजमध्ये गेलात, तर पहिल्या १२ महिन्यांत मूळ मेडिकेअरमध्ये परत येऊन प्रश्नावलीशिवाय मेडिगॅप घेण्याचा हक्क असतो. त्यानंतर मूळ मेडिकेअरमध्ये येता येतं, पण मेडिगॅप मिळेलच असं नाही. ॲडव्हान्टेज आणि मेडिगॅप दोन्ही एकत्र वापरता येत नाहीत.

नोकरी चालू असेल तर

वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी तुमची किंवा जोडीदाराची नोकरी चालू असेल आणि तिथला विमा असेल, तर पार्ट बी पुढे ढकलता येतो. दंड बसत नाही. उलट इथे घाई करून पासष्टाव्या वर्षी पार्ट बी घेतला, तर मेडिगॅपच्या सहा महिन्यांचं घड्याळही सुरू होतं, आणि सदुसष्टाव्या वर्षी निवृत्त होताना ती मुदत संपलेली असते. वीसपेक्षा कमी कर्मचारी असतील तर मात्र मेडिकेअर आधी पैसे देतं, म्हणून पार्ट बी वेळेवर घ्यावाच लागतो.

निवृत्तीनंतर पार्ट बीसाठी आठ महिने मिळतात. नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून चालू ठेवलेला कोब्रा विमा यात धरला जात नाही. कोब्राच्या भरवशावर थांबलेल्यांना उशिराचा दंड बसतो: प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यात १० टक्के वाढ, आणि तीही पार्ट बी असेपर्यंत. अर्जासाठी सीएमएस-४०बी आणि मालकाने भरून दिलेला सीएमएस-एल५६४ असे दोन फॉर्म लागतात.

उत्पन्न जास्त असलेल्यांना पार्ट बीचा हप्ताच वाढीव येतो. २०२६ साठी दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न एकट्याचं १,०९,००० किंवा एकत्रित विवरणपत्रावर २,१८,००० डॉलरच्या वर असेल तर. निवृत्तीमुळे उत्पन्न घटलं असेल तर एसएसए-४४ फॉर्म भरून फेरविचार मागता येतो.

भारतात असताना काय?

मूळ मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या प्लॅनमध्ये परदेशातल्या आणीबाणीची सोय आहे. २५० डॉलरच्या डिडक्टिबलनंतर ८० टक्के खर्च, आयुष्यभरात मिळून कमाल ५०,००० डॉलर. पण आणीबाणी प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेली असावी लागते. दिवाळीला येऊन फेब्रुवारीपर्यंत पुण्यात राहणाऱ्यांना शेवटचे महिने या विम्याबाहेरचे आहेत. त्यासाठी वेगळा प्रवास विमा हवा. गुडघा बदलण्यासारखी ठरवून केलेली शस्त्रक्रिया यात बसत नाही. भारतातल्या रुग्णालयात आधी आपण पैसे भरून मागाहून कंपनीकडे दावा करायची तयारी ठेवावी. त्यामुळे तपशीलवार बिल, पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि प्रवासाच्या तारखांचा पुरावा जपून ठेवा.

कायमचे परतणार असाल, तरी पार्ट बी सोडताना विचार करा. पुन्हा घेताना दंड लागतो, आणि पार्ट बी गेला की मेडिगॅपही जातो.

आई-वडील ग्रीन कार्डवर आले असतील तर

६५ च्या वरच्या ग्रीन कार्डधारकाने अमेरिकेत सलग पाच वर्षं वास्तव्य केलं, की मेडिकेअर विकत घेता येतं. मुलांनी भरलेला कर इथे धरत नाहीत. स्वतःचं किंवा जोडीदाराचं काम नसेल तर पार्ट एलाच २०२६ मध्ये महिना ५६५ डॉलर पडतात. पार्ट बी धरून ७६७.९० डॉलर, आणि मेडिगॅप व औषधं वेगळी. हे प्रत्येकी. म्हणून मार्केटप्लेसवरचा, म्हणजे सरकारी संकेतस्थळावरून घेता येणारा खासगी विमा किती पडतो हे आधी तपासा. उत्पन्न अगदी कमी असेल तर राज्याच्या मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याची, चौकशी करा. मेडिकेड मिळालं तर मेडिगॅपची गरज उरत नाही. मेडिकेअर घ्यायचंच ठरलं, तर एक दिलासा आहे: सहा महिन्यांची मुदत पार्ट बी सुरू झाल्यापासून मोजतात, त्यामुळे आई ७१ वर्षांची असली तरी ती तिला पूर्ण मिळते.

अर्जाचा क्रम

वाढदिवसाच्या महिन्याआधी तीन महिने सोशल सिक्युरिटी या सरकारी कार्यालयाकडे पार्ट ए आणि बीचा अर्ज करा. वाढदिवस महिन्याच्या १ तारखेला असेल तर सगळं एक महिना आधी सरकतं. ज्यांच्या नोकरीत एचएसए (वैद्यकीय खर्चासाठीच्या करमुक्त बचतीचं) खातं आहे त्यांनी पासष्टीनंतर मेडिकेअर घेण्याआधी सहा महिने त्यात पैसे भरणं थांबवावं, कारण पार्ट ए मागच्या तारखेने लागू होतो. कार्डावरचा मेडिकेअर क्रमांक आला की मेडिगॅपचा अर्ज भरा आणि सुरुवातीची तारीख पार्ट बीचीच मागा. सोबत पार्ट डी घ्या. आज एकही गोळी नसली तरी स्वस्तातला घ्या, कारण उशिराचा दंड महिन्यागणिक साचतो. २०२६ मध्ये पार्ट डीतल्या औषधांवरचा वर्षाचा स्वतःचा खर्च २,१०० डॉलरपुरता मर्यादित आहे.

हप्त्यांची तुलना मेडिकेअरच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून करता येते. एजंटच्या कमिशनशी संबंध नसलेला सल्ला हवा असेल तर प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्लासेवा आहे. कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात.

पुढे कधी कंपनी बदलायची झाली, तर नव्या कंपनीचा लेखी होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी रद्द करू नका. नवी पॉलिसी आल्यावर ३० दिवस ती पारखून पाहायला मिळतात. तेवढा एक महिना दोन्हींचे हप्ते भरावे लागतात, आणि ते भरावेत.